साखर नाही, मग गोड कशानं?

भारतातून फोनवर येणाऱ्या फर्माइशी दर काही वर्षांनी बदलतात. आम्ही दुबईत आलो तेव्हा केशर, अत्तर आणि बदाम-पिस्ते हे ठरलेलं असायचं. मग काही काळ सोन्याच्या भावाची चौकशी वाढली. अलीकडे मात्र पुण्यापासून सांगलीपर्यंत सगळ्यांना एकच गोष्ट हवी असते, 'ते दुबई चॉकलेट'! पिस्त्याची हिरवीगार पेस्ट, ताहिनी म्हणजे तिळाचं वाटण आणि शेवयांसारखा बारीक, कुरकुरीत कुनाफा असं सारण भरलेली ती जाडजूड वडी जगभर गाजली, आणि सुट्टीला घरी निघालेल्या आपल्यासारख्यांची बॅग दोन किलोंनी जड झाली.

चवीला ते छान असतं, नाव ठेवायला जागा नाही. पण त्याचं कवच बहुतेक वेळा मिल्क चॉकलेटचं असतं, आणि मिल्क चॉकलेटच्या वजनात जवळजवळ निम्मी साखर असते. वर सारण गोड ते वेगळंच. दिवाळीत ताटात आधीच करंजी, शंकरपाळे, बेसनाचे लाडू. त्यात घरोघरी येणारे चॉकलेटचे डबे. घरात लहान मुलं असतात, आणि बहुतेकांच्या घरी दिवाळीसाठी भारतातून आलेले आई-वडील किंवा सासू-सासरे. त्यांच्यापैकी एकाला तरी मधुमेह असतोच. म्हणून गेल्या दिवाळीपासून मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, "साखर न घालता चॉकलेट घरी करता येतं का गं?"

येतं. मी तीन वर्षं करते आहे. तीन पाककृती पुढे दिल्या आहेत, तिन्ही मापासकट. पण पाककृतीआधी एक हिशेब करायचा आहे. मी शाळेत इतिहास शिकवायचे, गणित नाही. तरीही हा हिशेब चौथीच्या मुलालाही जमेल इतका सोपा आहे.

'रिफाइंड शुगर फ्री' म्हणजे नक्की काय?

माझ्या सासऱ्यांना मधुमेह होऊन अठरा वर्षं झाली. मागच्या वेळी ते इथे होते तेव्हा कुणीतरी प्रेमानं त्यांच्यासाठी चॉकलेटचा एक डबा आणला. वर मोठ्या अक्षरांत 'रिफाइंड शुगर फ्री' असं छापलेलं. बाबा खूश. रात्री टीव्ही बघताना त्यांनी एकामागून एक चार चॉकलेटं खाल्ली. सासूबाई रागावल्या तर म्हणाले, "अगं, यात साखरच नाही, वाच की वर." सकाळी उपाशीपोटी साखर तपासली तर आकडा रोजच्यापेक्षा बराच वर. मग आम्ही डब्याची मागची बाजू वाचली. बारीक अक्षरांत खजुराचा पाक होता, मध होता, नारळाची साखर होती. छापलेलं काही खोटं नव्हतं. पांढरी साखर त्यात खरंच नव्हती.

गोंधळ इथेच होतो. 'रिफाइंड साखर नाही' याचा अर्थ 'साखर नाही' असा आपण घेतो. गूळ म्हणजे मळी न काढलेली उसाची साखरच. तिचा बहुतेक भाग सुक्रोज असतो, थोडं ग्लुकोज-फ्रुक्टोज, थोडं पाणी आणि थोडी खनिजं. नारळाची साखरही मुख्यतः सुक्रोजच. मध म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. खजुराच्या वजनात साधारण दोनतृतीयांश साखर असते. रक्तात गेल्यावर यांपैकी कुणीही 'मी नैसर्गिक आहे' असं ओळखपत्र दाखवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये साखरेबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसभराच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांपेक्षा कमी ऊर्जा 'फ्री शुगर्स'मधून यावी, आणि जमलं तर ५ टक्क्यांपेक्षाही कमी. मोठ्या माणसाच्या बाबतीत ५ टक्के म्हणजे सुमारे २५ ग्रॅम, चहाचे सहा चमचे. महत्त्वाचं म्हणजे या 'फ्री शुगर्स'मध्ये मध, पाक आणि फळांचे रसही मोजलेले आहेत. अख्ख्या फळातली साखर त्यात धरत नाहीत, कारण तिच्याबरोबर फळाचा चोथा असतो आणि पोटही लवकर भरतं.

मग साखरेऐवजी गूळ किंवा खजूर वापरायचाच कशाला? माझ्यापुरती तीन कारणं आहेत. पहिलं, चव. गुळाला आणि खजुराला स्वतःची चव असते, साखरेला नुसती गोडी. दुसरं, अख्खा खजूर वापरला तर त्याचा चोथाही पोटात जातो. तिसरं आणि सगळ्यांत मोठं, घरी केलं की किती गोड घालायचं ते आपल्या हातात राहतं. कोणती साखर यापेक्षा किती साखर, हा प्रश्न मोठा आहे.

कोकोला साखर कधी भेटली?

इतिहासाची शिक्षिका आहे, त्यामुळे हा परिच्छेद टाळता येणार नाही! कोकोचं झाड मूळचं अमेरिका खंडातलं. लिनिअसनं १७५३ मध्ये त्याला 'थिओब्रोमा' नाव दिलं, म्हणजे देवांचं अन्न. पण त्या देवांचं अन्न गोड नव्हतं. माया आणि ॲझ्टेक लोक कोकोच्या बिया वाटून त्याचं कडू, फेसाळ पेय करत, त्यात मिरची घालत. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी ते युरोपात नेलं आणि तिथे त्यात साखर पडली. १८२८ मध्ये हॉलंडमध्ये व्हॅन हाउटेन यांनी कोकोतलं लोणी दाबून वेगळं करण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं, आणि आजची कोको पावडर जन्माला आली. १८४७ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीनं खायची वडी केली. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये डॅनियल पीटर यांनी त्यात दूध घातलं. म्हणजे चॉकलेट हजारो वर्षांचं, आणि त्यातली साखर जेमतेम चार-पाचशे वर्षांची.

आपल्याकडे तर आणखीच मजा. शाळेत वाढदिवसाला मुलं जे 'चॉकलेट' वाटायची, त्या बहुतेक साखरेच्या गोळ्याच असायच्या. कोकोचा वाससुद्धा नसायचा. आपल्या जिभेनं चॉकलेट हा शब्द गोडीशी जोडला तो तिथपासून. त्यामुळे कोकोची खरी, किंचित कडू, किंचित आंबट चव लागायला मुलांना आणि मोठ्यांनाही थोडा वेळ द्यावा लागतो. एकदम ८५ टक्क्यांवर उडी मारू नका. महिन्या-दोन महिन्यांत गोड थोडं थोडं कमी करत आणा. माझ्या चौथीतल्या लेकीला आता बाजारचं मिल्क चॉकलेट 'फार गोड' लागतं. ती ते खात नाही असं मात्र नाही!

खजूर, इथल्या मातीचा गूळ

आपण खजुराच्या देशात राहतो. जून-जुलैत बाजारात पिवळेधमक घोस लटकू लागतात. बर्ही जातीचा पिवळा खजूर तर कच्चा, कुरकुरीतच खातात. मग अर्धा पिकलेला, मऊ रुतब येतो, आणि शेवटी पूर्ण पिकून सुरकुतलेला तमर. जुलैत अबुधाबीच्या लिवा भागात खजुराचा मोठा उत्सव भरतो, सगळ्यांत वजनदार घोसासाठीसुद्धा बक्षीस असतं. खजुराच्या झाडाशी जोडलेलं ज्ञान आणि परंपरा यांना युनेस्कोनं २०१९ मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या घरातही तो पाहुणा नाही. मुंबईतला खारेक बाजार, उपासाचा खजूर, बाळंतिणीचे डिंक-खारकेचे लाडू, सगळीकडे तो आहेच.

चॉकलेटसाठी कोणता खजूर घ्यावा? मेजूल दिसायला राजबिंडा, पण बी काढून एक खजूर २४ ग्रॅमच्या आसपास भरतो आणि त्या एकातच सुमारे १६ ग्रॅम, म्हणजे चार चमचे साखर असते. सुक्करी फार गोड. माझी पसंती खलासला. मध्यम आकार, टॉफीसारखी चव आणि खिशाला परवडणारा. इराणी किमिया ओलसर असतो, तो वाटायला सोपा, पण त्याचे गोळे मऊ होतात. अल ऐनच्या संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात इथल्या पाच जातींच्या खजुरांचा ग्लायसेमिक इंडेक्स सुमारे ४६ ते ५५ आढळला. साध्या साखरेचा साधारण ६५ धरतात. म्हणजे खजुरानं रक्तातली साखर तुलनेनं हळू चढते. पण हळू चढते म्हणजे चढत नाही असं नव्हे. दहा खजूर खाल्ले तर इंडेक्स कितीही कमी असून उपयोग काय?

पहिली कृती: खजूर-कोकोचे लाडू

साहित्य: बिया काढलेला खलास खजूर २५० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, अक्रोड ५० ग्रॅम, बिनसाखरेची कोको पावडर ४० ग्रॅम, साजूक तूप २ मोठे चमचे, वेलची, चिमूटभर मीठ.

बदाम आणि अक्रोड मंद आचेवर वेगवेगळे भाजून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना मिक्सरमध्ये फिरवले तर तेल सुटतं. जाडसर कूट करा. कढईत तूप घालून खजूर पाच मिनिटं परता, उलथन्यानं दाबत राहा म्हणजे त्याचा गोळा होतो. गॅस बंद करून कोको, कूट, वेलची आणि मीठ घाला. मीठ विसरू नका, त्यानं कोकोचा कडूपणा कमी जाणवतो आणि गोडी वर येते. हाताला तूप लावून १५ ग्रॅमचे, म्हणजे मोठ्या सुपारीपेक्षा जरासे मोठे, ३० ते ३२ लाडू वळा. कोकोत, तिळात किंवा सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवा.

कोको पावडर घेताना पाकिटावर 'डच प्रोसेस्ड' किंवा 'अल्कलाइज्ड' लिहिलं आहे का पाहा. ती गडद आणि सौम्य असते, कमी गोडात चांगली लागते. 'ड्रिंकिंग चॉकलेट' मात्र घेऊ नका, त्यात आधीच भरपूर साखर असते.

हिशेब: २५० ग्रॅम खजुरात सुमारे १६५ ग्रॅम साखर. ३२ लाडूंत वाटली की एका लाडवात पाच ग्रॅम, सव्वा चमचा. कॅलरी साधारण ६०. तुलनेसाठी आपला बेसनाचा लाडू घ्या. माझं प्रमाण २५० ग्रॅम बेसन, १२५ ग्रॅम तूप, २०० ग्रॅम पिठीसाखर. त्याच्या ४० ग्रॅमच्या एका लाडवात १४ ग्रॅम साखर येते.

शाळेच्या डब्यासाठी एक सूचना. इथल्या बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि सुका मेवा डब्यात चालत नाही, कारण वर्गात कुणाला तरी त्याची ॲलर्जी असते. त्यासाठी बदाम-अक्रोडाऐवजी भाजलेल्या भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बिया त्याच वजनानं घ्या.

दुसरी कृती: गुळाचं चॉकलेट

माझं माहेर कोल्हापूरजवळचं, त्यामुळे गुळाशिवाय लेख पुरा होणं शक्य नाही. दिवाळीच्या सुमाराला गुऱ्हाळं सुरू व्हायची. चुलाणावर मोठी काहील, त्यात उकळणारा रस, आणि हाताचा अंदाज घेत उभा गुळव्या. रस घट्ट होत आला की गरम काकवी मिळायची. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. इथे आल्यावर बर दुबईच्या एका दुकानात 'दिब्स' नावाची बाटली दिसली. अरबी घरांत ताहिनीबरोबर भाकरीला लावून खातात तो खजुराचा काळा, दाट पाक. पहिला घास घेतला आणि म्हटलं, ही तर काकवीची बहीण!

पण काकवी असो की दिब्स, वितळलेल्या चॉकलेटमध्ये ती घालायची नाही. चॉकलेट म्हणजे कोकोचे आणि साखरेचे अतिशय बारीक कण तुपासारख्या स्निग्ध पदार्थात पसरलेले. त्यात चमचाभर पाणी गेलं की ते कण ओले होऊन एकमेकांना चिकटतात आणि पातळ चॉकलेटचा घट्ट, रवाळ गोळा होतो. पिठीसाखरेत पाण्याचे चार थेंब पडल्यावर गुठळ्या होतात ना, तसंच. काकवीत आणि दिब्समध्ये पाणी असतं. त्यांचा उपयोग गरम दुधातल्या कोकोसाठी करा. मोठा कपभर दूध, दोन चमचे कोको, एक चमचा दिब्स, जरासं जायफळ. हिवाळ्यात वाळवंटातल्या सहलीला थर्मासमध्ये न्यायला उत्तम.

चॉकलेटसाठी कोरडी गूळ पावडरच हवी. फार पिवळाधमक गूळ टाळा, रंग उजळायला त्यात रसायनं वापरलेली असू शकतात. गडद तपकिरी चांगला.

साहित्य: कोको बटर १०० ग्रॅम, कोको पावडर ७० ग्रॅम, गूळ पावडर ६० ग्रॅम, सुंठ पाव चमचा, मीठ. शिवाय स्वयंपाकघरातला थर्मामीटर. तो नसेल तर ही कृती सोडून पुढच्या कृतीकडे वळा.

गूळ पावडर ताटात पातळ पसरून ओव्हनमध्ये ५० ते ६० अंशांवर तासभर वाळवा. इथल्या दमट हवेत ही पायरी सोडता येत नाही. गार झाल्यावर कोको पावडरबरोबर मिक्सरमध्ये अगदी बारीक करा आणि चाळा. कोको बटरपैकी २५ ग्रॅम किसून बाजूला ठेवा. उरलेलं ७५ ग्रॅम, गरम पाण्याच्या पातेल्यावर कोरडं भांडं ठेवून वितळवा, ४५ अंशांपर्यंत. वाफ भांड्यात शिरू देऊ नका. त्यात चाळलेलं मिश्रण, सुंठ आणि मीठ घालून पाच-सात मिनिटं ढवळा. पाण्यावरून उतरवून ३४ अंशांपर्यंत गार होऊ द्या. मग किसलेलं कोको बटर थोडं थोडं घालत, ढवळत ३१-३२ अंशांवर आणा. सिलिकॉनच्या साच्यात ओता, साचा ओट्यावर हलकेच आपटून बुडबुडे काढा आणि फ्रिजमध्ये २० मिनिटं ठेवा.

एवढा अंशांचा खटाटोप कशासाठी? कोको बटर सहा वेगवेगळ्या तऱ्हांनी गोठू शकतं. त्यातल्या पाचव्या तऱ्हेच्या स्फटिकांनीच चॉकलेटला चकाकी येते, तोडताना 'टक्' आवाज येतो आणि ते ३४ अंशांच्या आसपास, म्हणजे नेमकं तोंडात गेल्यावर वितळतं. किसलेल्या कोको बटरमध्ये ते स्फटिक आधीच असतात, दह्याच्या विरजणासारखे. विरजण उकळत्या दुधात घालत नाही, तसंच हेही. घाई करून नुसतं वितळवून गोठवलं तर चॉकलेट मऊ राहतं आणि काही दिवसांत त्यावर पांढरट डाग येतात. ती बुरशी नसते, वर आलेलं कोको बटर असतं. खायला हरकत नाही, पण भेट द्यायला बरं दिसत नाही.

कारखान्यात चॉकलेट यंत्रात तासन्‌तास घोटतात. घरी ते शक्य नाही, त्यामुळे हे चॉकलेट जिभेवर किंचित रवाळ लागतं. मला ते आवडतं, गुळाची खूण वाटते.

हिशेब: २३० ग्रॅममध्ये १० ग्रॅमच्या २३ वड्या. एका वडीत गूळ अडीच ग्रॅमहून थोडा जास्त. म्हणजे गुळाच्या या एका वडीत खजुराच्या एका लाडवाच्या जवळजवळ निम्मी साखर! मात्र कोको बटर म्हणजे स्निग्धच, त्यामुळे कॅलरी इथेही ६०च्या आसपासच. आणि 'गुळातलं लोह मिळतं' असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. अडीच ग्रॅम गुळातून कितीसं लोह मिळणार? गूळ घालायचा तो चवीसाठी.

तिसरी कृती: आजोबांचे बदाम

ही कृती बाबांसाठी बसवली. १०० टक्के कोकोचं, अजिबात साखर नसलेलं चॉकलेट इथल्या मोठ्या दुकानांत बेकिंगच्या कप्प्यात मिळतं. नुसतं खाल्लं तर तोंड वाकडं होतं, पण भाजलेल्या बदामाबरोबर त्याची चव एकदम बदलते.

साहित्य: १०० टक्के कोकोचं चॉकलेट १०० ग्रॅम, बदाम १०० ग्रॅम, अगदी बारीक चिरलेला कोरडासा खजूर ४० ग्रॅम, संत्र्याच्या सालीचा किस (वाळवलेला), जाडं मीठ.

बदाम खरपूस भाजून गार करा, जाड तुकडे करा. ७५ ग्रॅम चॉकलेट ४५ अंशांपर्यंत वितळवा, ३४ पर्यंत गार करा, उरलेलं २५ ग्रॅम बारीक चिरून त्यात घाला आणि ३१-३२ वर आणा. थर्मामीटर नसेल तर वितळलेलं चॉकलेट ओठाला लावून पाहा, किंचित गार लागलं पाहिजे. बदाम, खजूर आणि साल त्यात मिसळून बटर पेपरवर चमच्यानं २० छोटे ढीग घाला. वर मिठाचे दोन-दोन कण.

हिशेब: ४० ग्रॅम खजुरात साधारण २७ ग्रॅम साखर, वीस तुकड्यांत वाटली की एका तुकड्यात सव्वा ते दीड ग्रॅम. खजुराचा तुकडा दाताखाली आला की तेवढ्यापुरता गोडाचा झटका मिळतो, आणि जिभेला वाटतं आपण बरंच गोड खाल्लं. बाबा जेवणानंतर दोन तुकडे घेतात. त्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं होतं, आणि पहिल्या दोन-तीन वेळा जेवणानंतर दोन तासांनी साखर तपासूनही पाहिली. तुमच्या घरी कुणी मधुमेही असेल तर तुम्हीही हेच करा. प्रत्येकाची औषधं आणि शरीर वेगळं असतं. माझ्या सासऱ्यांना चाललं म्हणून तुमच्या मामांना चालेलच असं नाही.

आता एक गंमत पाहा. हीच कृती तुम्ही ८५ टक्क्यांच्या विकतच्या चॉकलेटनं केली आणि खजूर वगळला, तर १०० ग्रॅम चॉकलेटमधली जास्तीत जास्त १५ ग्रॅम साखर वीस तुकड्यांत वाटली जाते. म्हणजे तुकड्याला पाऊण ग्रॅम. ती साखर रिफाइंडच, पांढरीच. तरीही तिन्ही कृतींपेक्षा ती सगळ्यांत कमी! पांढऱ्या साखरेवर बहिष्कार टाकून खजुराचे सहा लाडू खाणाऱ्यापेक्षा, हे दोन तुकडे खाणारा माणूस शहाणा, असं मी म्हणेन.

साठवण आणि प्रवास

खजुराचे लाडू फ्रिजमध्ये दोन आठवडे छान राहतात, आणि भारतात न्यायलाही तेच सोयीचे, वितळायची भीती नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या कृतीचं चॉकलेट हवाबंद डब्यात, २०-२२ अंशांच्या एसीच्या खोलीत ठेवलं तर उत्तम. फ्रिजमध्ये ठेवलंच तर बाहेर काढल्याबरोबर झाकण उघडू नका. थंड चॉकलेटवर इथल्या दमट हवेचं पाणी जमतं, त्यात वरचा गूळ विरघळतो आणि पृष्ठभाग चिकट, खरखरीत होतो. डबा बंदच ठेवून तासाभरानं उघडा. प्रवासात केबिनच्या बॅगेत, थंड पिशवीत ठेवा. विमानतळावर उन्हात उभ्या असलेल्या सामानात कोणतंच चॉकलेट टिकत नाही.

आणखी दोन गोष्टी. कोणत्याही कृतीत मध घालणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला ते देऊ नका. आणि घरात कुत्रा असेल तर चॉकलेट त्याच्या तोंडापासून लांब ठेवा, कोको त्याला विषारी असतो.

मंडळाच्या फराळासाठी एक विनंती

यंदा मंडळाच्या दिवाळी फराळाला बरेच जण 'हेल्दी' पदार्थ आणणार आहेत असं कानावर आलं आहे. आनंदच आहे. माझी एवढीच विनंती, की ताटाशेजारी 'शुगर फ्री' अशी चिठ्ठी ठेवू नका. काय घातलं आहे ते लिहा. 'खजूर, बदाम, अक्रोड, कोको, तूप. एका लाडवात सव्वा चमचा साखरेएवढी गोडी.' एवढ्या एका ओळीनं मधुमेही काकांना एक घ्यायचा की अर्धा हे ठरवता येतं, आणि सुक्या मेव्याची ॲलर्जी असलेल्या मुलाच्या आईला प्रश्न विचारत फिरावं लागत नाही. आपले आई-वडील वर्षातून महिना-दोन महिने इथे येतात. त्यांना गोड नाकारावं असं कुणालाच वाटत नाही, आणि त्यांची साखर वाढलेली पाहून परतीच्या विमानात बसवणंही नको असतं. चिठ्ठी लिहायला दोन मिनिटं लागतात.

लाडू वळायला मुलांना बरोबर घ्या, वजनकाटा त्यांच्या हातात द्या आणि एका लाडवात किती गोड येतं हा भागाकार त्यांनाच करू द्या. बाबांना यंदा नातीनं आधीच फोन करून सांगून ठेवलं आहे, "आजोबा, रोज दोनच. मी मोजणार आहे."

सगळ्यांना दिवाळीच्या गोड, पण मोजून गोड शुभेच्छा!